खर्च एक, हिशेब तीन

दिल्लीला खेटून असलेल्या गाझियाबादेत देशाच्या संरक्षणखर्चाची दोन रूपे शेजारीशेजारी दिसतात. हिंडन हवाईतळावर अमेरिकेकडून घेतलेली सी-१७ मालवाहू विमाने आहेत. साहिबाबादेत भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात सैन्यदलांसाठी रडार तयार होतात. दोहोंची माहिती आज कोणालाही विनामूल्य मिळू शकते, पण एका ठिकाणी नव्हे.

स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ या संस्थेच्या शस्त्रहस्तांतराच्या कोशात १९५० पासूनच्या नोंदी आहेत. हिंडनची विमाने तेथे सापडतात. साहिबाबादेत बनणारी स्वदेशी रडार मात्र सापडत नाहीत, कारण ती आयात नाहीत. त्यांचा माग कंपनीच्या वार्षिक अहवालात काढावा लागतो. शिवाय या कोशातील एकक हे डॉलरांतील किंमत नसून हस्तांतरित लष्करी क्षमतेचे मोजमाप आहे. ते किंमत समजून वाचले, तर निष्कर्ष मुळातच चुकतो.

खर्चाच्या बाबतीत गुंता अधिक आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयासाठी सुमारे ६.८१ लाख कोटी रुपयांची तरतूद होती. सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ती सुमारे १.९ टक्के. त्यातील १.६१ लाख कोटी निवृत्तिवेतनाचे. ते वगळले की प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास येते. ‘सिप्री’ निवृत्तिवेतन तर धरतेच, शिवाय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील सीमा सुरक्षा दलासारख्या निमलष्करी दलांचा खर्चही मिळवते. म्हणून तिच्या २०२४ च्या तक्त्यात भारत ८६.१ अब्ज डॉलरांसह जगात पाचवा ठरतो आणि प्रमाण दोन टक्क्यांच्या वर जाते. तिन्ही हिशेब आपापल्या व्याख्येत बरोबर आहेत; व्याख्या न सांगता त्यांतला सोयीचा आकडा वापरणे मात्र गैर आहे. खर्च अपुरा म्हणणारे दुसरा उचलतात, अवाजवी म्हणणारे शेवटचा.

दुसऱ्या स्रोतावरून पडताळा घ्यावा म्हटले, तर तेथेही सावधगिरी हवी. जागतिक बँकेचे लष्करी खर्चाचे आकडे ‘सिप्री’कडूनच घेतलेले असतात, तेव्हा दोन्हींचा मेळ बसणे हा पुरावा नव्हे. संयुक्त राष्ट्रांकडील माहिती सदस्य देश स्वेच्छेने देतात; त्यामुळे एखाद्या देशाची नोंद नाही म्हणजे खर्च नाही, असे होत नाही.

यावर उपाय दिल्लीतच आहे. संरक्षणाच्या अनुदान मागण्या संसदेपुढे येतात, संसदीय स्थायी समितीचे अहवाल प्रसिद्ध होतात. त्यांच्या जोडीला सरकारने दरवर्षी एक ताळमेळाचा तक्ता द्यावा: निवृत्तिवेतनासह किती, त्याविना किती, निमलष्करी दलांसह किती, आणि तो संगणकावर थेट वापरता येईल अशा स्वरूपात असावा. यात कोणतेही लष्करी गुपित फुटत नाही, कारण हे आकडे आजही उघडच आहेत, फक्त विखुरलेले आहेत.

१८९७ साली वेल्बी आयोगापुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी हिंदुस्थानच्या लष्करी खर्चाची चिकित्सा केली, ती सरकारी आकड्यांच्याच बळावर. तेव्हा सरकार परके होते. आज ते आपले आहे; तरीही आपल्याच खर्चाचा जुळवलेला हिशेब पाहण्यासाठी स्टॉकहोमकडे वळावे लागणे लोकशाहीला साजेसे नाही.