किनाऱ्याचा खंड कोणाच्या पदरात?

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. शय्या, स्वयंपाकाचा ओटा, शौचकूप आणि पाण्याची टाकी एवढा सारा संसार पोटात घेऊन हिंडणारे वाहन म्हणजे कॅराव्हॅन. अमेरिकेत तिला आर. व्ही. म्हणतात. जेथे पक्के हॉटेल बांधता येत नाही, किंवा बांधू नये, तेथेही प्रवाशाची सोय व्हावी हा या धोरणामागचा एक हेतू. कोकणच्या काही खाड्यांतून आता कयाक नावाच्या अरुंद, वल्ह्याच्या होड्याही भाड्याने मिळू लागल्या आहेत. चुलते, मावश्या, शेजारचे बिऱ्हाड आणि कार्यालयातील दोन स्नेही अशी मंडळी गोळा करून समुद्रकाठी मुक्काम ठोकावा, सकाळी होडीत बसून पक्षी, डॉल्फिन, कासवे पाहावीत, हा आनंद काल-परवापर्यंत परदेशी मासिकांतील चित्रांपुरता होता. तो आता महाराष्ट्राच्या मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ घातला आहे.

त्याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. मे महिन्यात एस. टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या चाकरमान्याच्या मुलाला स्वतःच्या गाडीने समुद्र पाहावासा वाटला, तर त्यात वावगे काय? प्रश्न निराळाच आहे. या आनंदाची किंमत कोण मोजतो आणि त्यातून निर्माण होणारे उत्पन्न कोणाच्या हाती जाते, हा तो प्रश्न होय. आणि धोरण आखताना नेमका तोच दुय्यम ठरतो असा अनुभव आहे.

हा छंद जेथे मुरला आहे तेथील एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. कॅलिफोर्नियातील माँटेरे उपसागराच्या काठी मॉस लँडिंग नावाचे एक लहानसे मच्छीमार बंदर आहे. तेथून एल्कहॉर्न स्लू ही सुमारे सात मैलांची खाडी आत शिरते. सॅन होजे परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हे ठिकाण दोन तासांच्या आत गाठता येते. आसपासच्या तळांवर आर. व्ही. उभ्या राहतात, सकाळी कयाक पाण्यात उतरतात, आणि पेलिकन, सील व समुद्री पाणमांजरे हाताच्या अंतरावर दिसू लागतात. हाताच्या अंतरावर, हीच खरी अडचण.

या पाणमांजराचा इतिहास मनुष्याच्या हव्यासाचा इतिहास आहे. त्याच्या मऊ कातड्यासाठी अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत इतकी शिकार झाली, की कॅलिफोर्नियात ते नामशेष झाले असे मानले जात होते. १९३८ साली बिग सर किनाऱ्याजवळ पन्नासएक प्राण्यांचा एक कळप आढळला आणि आज त्या राज्यात असलेली सुमारे तीन हजारांची प्रजा त्या मूठभरांचीच आहे. अमेरिकेचा सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा १९७२ सालचा. भारताचा वन्यजीव संरक्षण कायदाही त्याच सालचा. दोन देशांना एकाच वर्षी सुचलेले शहाणपण पुढे सारख्याच नेटाने राबविले गेले असे मात्र म्हणता येणार नाही.

सीलच्या अंगावर असतो तसा चरबीचा थर पाणमांजराच्या अंगावर नसतो. थंड समुद्रात ऊब टिकविण्यासाठी त्याला दररोज आपल्या वजनाच्या जवळजवळ चतुर्थांश इतके अन्न खावे लागते. म्हणजे हा प्राणी हातावर पोट असलेल्या मजुरासारखा आहे; शिलकीवर एक दिवस काढण्याची त्याची ऐपत नाही. तो पाठीवर तरंगत विश्रांती घेत असताना कयाक जवळ आली, की तो दचकून बुडी मारतो. विश्रांती मोडते, शक्ती खर्च होते आणि ती भरून काढण्यासाठी आणखी खेकडे शोधावे लागतात. पिल्लू पोटावर घेतलेल्या मादीला हा भुर्दंड अधिकच जड जातो. कयाकमधील कुटुंबाच्या हे गावीही नसते. त्यांच्या दृष्टीने ते एकदाच आलेले असतात, त्यांनी गोंगाट केलेला नसतो, इंजिनही लावलेले नसते. पाणमांजराच्या दृष्टीने मात्र ती त्या सकाळची दहावी होडी असते. अर्थशास्त्राच्या वर्गात बाह्य परिव्यय शिकविताना गिरणीच्या धुराड्याचे उदाहरण देण्याची प्रथा आहे. धूर निदान डोळ्यांना दिसतो. येथे उपद्रव करणारा निसर्गप्रेमी असतो आणि त्याला आपण उपद्रव करीत आहोत याचा पत्ताच नसतो.

यावर तेथे निघालेला तोडगा साधा आहे. निदान पाच कयाकींच्या लांबीइतके अंतर ठेवावे, थेट रोखाने न जाता बाजूने जावे, आणि प्राण्याने मान वर करून आपल्याकडे पाहिले तर आपण फार जवळ आलो असे समजून मागे फिरावे, असे होडी भाड्याने घेणाऱ्यास सांगितले जाते. हा नियम शाळकरी मुलालाही पाळता येतो. शिवाय या प्राण्याचे रक्षण निव्वळ भूतदयेपोटी होते असेही नाही. भोवतालच्या शेतांतील खते वाहून खाडीत येतात, त्यामुळे शेवाळ माजते आणि तळाचे समुद्री गवत गुदमरते. पाणमांजरे खेकडे खातात. खेकडे कमी झाले की शेवाळ चरून साफ करणारे लहान जीव वाढतात, आणि गवत पुन्हा श्वास घेते. खेकड्यांच्या बिळांनी पोखरलेले खाडीचे काठही पाणमांजरे परतल्यावर कमी वेगाने ढासळू लागले, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. एरवी ज्या कामासाठी बांधबंदिस्तीचे ठेके निघतात, ते काम हा प्राणी खेकड्यांच्या मोबदल्यात करतो.

अमेरिकेचे सारेच अनुकरणीय आहे असा याचा अर्थ नव्हे. आर. व्ही. हे इंधन पिणारे धूड आहे, आणि किनाऱ्यावरील सरकारी तळांची आरक्षणे सहा महिने आधी खुली होताच भराभर संपतात. तथापि एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कॅलिफोर्नियाच्या १९७६ च्या किनारा कायद्याने समुद्रकाठच्या अल्पखर्चिक सोयींचे रक्षण करणे हे शासनाचे कर्तव्य ठरविले आहे. समुद्र केवळ धनिकांच्या गॅलरीतून दिसावा हे तेथील विधिमंडळाला मान्य झाले नाही. भांडवलशाहीच्या माहेरघरी हे घडले याची नोंद घ्यावयास हवी.

आता कोकणाकडे वळू. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास हे नाना फडणविसांच्या पूर्वजांचे गाव. आज त्याची ख्याती आहे ती ऑलिव्ह रिडले कासवांमुळे. हिवाळ्यात रात्री मादी किनाऱ्यावर येते, भरतीच्या रेषेच्या वर मागच्या पायांनी खड्डा खणते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते आणि परत न पाहता समुद्रात निघून जाते. पूर्वी ही अंडी कोल्ही-कुत्री उकरीत, आणि माणसेही नेत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून अंडी कुंपणात हलविण्याचे काम आरंभिले. पन्नासएक दिवसांनी पिल्ले वर येतात, टोपल्या उचलल्या जातात आणि ती चिमुकली काळसर वळवळ पाण्याकडे चालू लागते. ती पाहावयास लोक येऊ लागले. गावात हॉटेल नव्हते, म्हणून ते लोकांच्या घरी उतरले. पडवीत झोपले, भात-आमटी आणि उकडीचे मोदक जेवले, आणि पैसे घरच्या बाईच्या हातात ठेवून गेले.

यातील मर्म त्या शेवटच्या वाक्यांशात आहे. रिकार्डोने मांडलेला खंडाचा सिद्धान्त बी. ए.च्या विद्यार्थ्याला पाठ असतो: जमिनीच्या अंगभूत गुणामुळे मिळणारे जादा उत्पन्न म्हणजे खंड. खंड म्हणजे काय हे कोकणातल्या कुळांना रिकार्डो न वाचताही ठाऊक होते. वेळासच्या किनाऱ्याला जो जादा मोल आले ते कासवामुळे, आणि कासव टिकले ते गावकऱ्यांनी अंड्यांचा मोह सोडला व रात्रीची गस्त पत्करली म्हणून. त्या मोलाचा वाटा त्यांच्याच चुलीपर्यंत पोहोचला, आणि म्हणूनच व्यवस्था टिकली. ज्याने खर्च सोसला त्यालाच लाभ मिळाला. असा योग सरकारी योजनांत विरळा.

या पार्श्वभूमीवर कॅराव्हॅनचा विचार केला की तिची खरी उणीव ध्यानात येते. तिचा मोठा गुण म्हणून सांगितला जातो तो स्वयंपूर्णतेचा, आणि दोष आहे तोही तोच. जो प्रवासी आपली गादी, आपला शेगडी-सिलिंडर आणि पुण्या-मुंबईहून भरून आणलेला शिधा घेऊन येतो, त्याला गावाने विकायचे काय? त्याला खोली नको, जेवण नको. त्याला हवे ते पाणी, जे एप्रिल-मेमध्ये गावालाच पुरत नाही. आणि तो मागे ठेवून जातो ती शौचकूपाची भरलेली टाकी. प्रवाशांची संख्या वाढली, असे शासनाच्या अहवालात नोंदले जाईल. ज्या घरातल्या बाईने मोदक करावयाचे तिच्या हिशेबात मात्र काहीच जमा होणार नाही, आणि कासव राखण्यातले तिचे स्वारस्यही तितकेच कमी होईल.

वाहने वाळूवर उतरविण्याची खोड तर आधीपासूनच जडली आहे. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर गाड्या पळविणे, त्या रुतल्या की भरतीपूर्वी ट्रॅक्टरने ओढून काढणे, हा अनेक ठिकाणी सुट्टीचा खेळ झाला आहे. दडपलेल्या वाळूखालील घरटे वाचले, तरी चाकोरी उरतेच. मोठ्या माणसाच्या पायाला न जाणवणारी ती चाकाची खाच दोन इंची पिल्लाला खंदकासारखी असते; ते तिच्यातून पाण्याकडे न जाता किनाऱ्याला समांतर धावत राहते आणि कावळ्यांच्या तावडीत सापडते. दिव्यांचेही तसेच. पिल्ले उजळ क्षितिजाकडे वळतात. लक्षावधी वर्षे ते क्षितिज समुद्राचे होते. आता ते तळावरच्या विजेच्या माळांचे असेल.

याचा निष्कर्ष कॅराव्हॅन नको असा काढणे घाईचे ठरेल. तळ ग्रामपंचायतीच्या मालकीचा असावा, किनाऱ्यापासून आत, झाडीच्या आड असावा. मैला उपसण्याची व्यवस्था झाल्यावाचून त्याला परवानगी मिळू नये. विणीच्या हंगामात रात्री दिवे झाकावेत. आणि जेवण गावातल्या घरी घेण्याची प्रथा पडावी. कयाकीला तर उत्तेजनच द्यावयास हवे. डॉल्फिनच्या मागे इंजिनाच्या चार होड्या लावून त्यांना घेरण्याचा जो प्रकार चालतो, त्यापेक्षा वल्हे शतपटीने बरे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत एका बचत गटातील स्त्रिया स्वतः वल्ही मारून प्रवाशांना कांदळवनातून हिंडवितात आणि पक्ष्यांची व झाडांची ओळख करून देतात. पाहुण्याला स्वतः वल्हवायचे असेल तरी सोबतीला खाडी जाणणारे गावचे माणूस असावे. सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या खाड्यांतूनही पाणमांजरांचे भाऊबंद आहेत. त्यांची मान कधी वर होते हे परक्यापेक्षा मच्छीमाराला अधिक चांगले कळते.

उलट बाजूचे उदाहरण मालवणचे. १९८७ साली तेथे सुमारे २९ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य घोषित झाले आणि मच्छीमारांनी त्याला विरोध केला. त्या विरोधाला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. पण बंदी आपल्या वाट्याला आणि शोभा दुसऱ्याच्या, असे ज्याला दिसते, त्याने टाळ्या वाजवाव्यात ही अपेक्षा कोणत्या न्यायाने करावयाची?

गर्दी वाढल्यास काय, हा आक्षेप उरतोच, आणि तो खरा आहे. लहान गावाला एका रविवारी हजार माणसे झेपत नाहीत. पिल्लू हातात घेऊन छायाचित्र काढू द्या असा आग्रह धरणारेही त्यांत असतात. यावर दर चढवावेत असे पाठ्यपुस्तक सांगेल. परंतु दर चढविले की प्रथम गळतात ते शाळेची सहल घेऊन येणारे शिक्षक. हुल्लड करणारा बहुधा पैसेवालाच असतो. तेव्हा शुल्क माफक ठेवून संख्या बांधावी, आणि आठवड्यातील काही दिवस शाळा-महाविद्यालयांसाठी राखावेत हे बरे. पैसा गावात राहण्यासाठी नवा कायदा हवाच असेही नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात यात्रेकरूंवर कर बसविण्याची तरतूद आहे. कासवाच्या दर्शनाला येणारा यात्रेकरू ठरतो की नाही याचा काथ्याकूट वकील करतील; विठोबाला जाणाऱ्याइतकाच पहाटे उठून तो येतो, एवढे खरे.

कोकणात मादी साधारण नोव्हेंबरपासून किनाऱ्याला लागते आणि नाताळच्या सुट्टीत गाड्यांची पहिली मोठी लाट येते. तळ कोठे, वाहने किती आणि शुल्क कोणाच्या खाती, हे ठरविणारी ग्रामसभा दिवाळीनंतर भरली, तर त्या वर्षापुरते तरी सारे वाळूवर उमटून गेलेले असेल.