पेडलची कडी
दसरा-दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या केज, धारूर, वडवणी, पाटोद्याच्या वस्त्यांवरून ऊसतोडीचे ट्रॅक्टर निघतात. मागे दोन-दोन ट्रॉल्या. त्यांत पत्रे, बांबू, भांडी, बाजरीची पोती, आणि त्या ढिगावर बायामाणसं नि लेकरं. वाट पश्चिम महाराष्ट्राची, नाहीतर कर्नाटकाची. ट्रॅक्टरवाल्याच्या उजव्या पायाशी ब्रेकची दोन पेडलं असतात, डाव्या चाकाचं वेगळं, उजव्याचं वेगळं. शेतात तासाच्या टोकाला जागच्या जागी वळायला ही सोय फार कामाची. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडलं कडीने जोडलेलीच हवीत. कडी सुटी राहिली आणि घाईत पाय एकाच पेडलवर पडला, तर ट्रॅक्टर एका अंगाला हिसका घेतो, मागच्या ट्रॉल्यांचं वजन त्याला रेटतं, आणि वर बसलेल्यांना धरायला काहीच नसतं. उतारावर गिअर काढून डिझेल वाचवणं हाही तितकाच जीवघेणा प्रकार. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा न बांधता गाडीत नेलं तर १,००० रुपये दंड आहे. ट्रॉलीतल्या लेकराला बांधायला पट्टाच नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ आहे. त्याने आणि कारखान्यांनी मिळून निदान माणसांसाठी एसटी द्यावी, संसार खुशाल ट्रॉलीतून जाऊ द्यावा. तोवर मुकादमांनो, गाव सोडण्याआधी पेडलची कडी आणि ट्रॉलीमागचे रिफ्लेक्टर स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि पोरांना फाळक्याच्या कडेला बसू देऊ नका.