सिरसाळ्याची सहावी आणि शाळेचे पंचांग

निकाल लागले की बीड जिल्ह्याच्या शाळांवर ‘मागास’ असा शिक्का बसतो. परळी तालुक्यातील सिरसाळ्यासारख्या गावांत पाचवी ते आठवीची मुले मागे का पडतात, याचे उत्तर गुरुजींच्या आळसात किंवा पालकांच्या अज्ञानात शोधणे सोयीचे असते. इतिहास निराळे सांगतो. (धागा)

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. पुढच्याच वर्षी निजामाच्या हैदराबादेत उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले. देशी भाषेत उच्च शिक्षण ही मोठीच गोष्ट. पण सिरसाळ्याच्या शेतकऱ्याची ती भाषा नव्हती. प्राथमिकच्या पुढे मराठी मूल परक्या भाषेला अडखळत असे. मोमिनाबादची, म्हणजे आजच्या अंबाजोगाईची, योगेश्वरी शाळा आणि तेथील स्वामी रामानंद तीर्थ यांचे मोल या पार्श्वभूमीवरच कळते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी ती राजवट संपली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. भाषेचा अडसर गेला, पण वेळापत्रकाचा आला. आणि तो निजामाने घातलेला नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेल्या ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. परततात त्या पाडव्याच्या आगेमागे. पाच वर्षांचे मूल फडावर ओझे असते. अकरा-बारा वर्षांचे कामाला येते. मुलगी कोपीवर धाकट्याला सांभाळते, भाकरी थापते. मुलगा वाढे बांधतो. सहावी ते आठवीला वर्षात २२० दिवस शाळा भरावी, असे कायदा म्हणतो. या मुलांच्या वाट्याला त्यातले निम्मे येतात. हंगामी वसतिगृहे आहेत, पण दरवर्षी नवे सर्वेक्षण, नवा प्रस्ताव, नवी मंजुरी. ऊस मात्र मंजुरीसाठी थांबत नाही.

त्यात २०२३-२४ पासून पाचवी व आठवीची वार्षिक परीक्षा परत आली. पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण झाल्यास मूल त्याच वर्गात राहते. दुसरे सत्र ज्याने पाहिलेच नाही, त्याला त्या सत्राचा जाब विचारायचा!

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे नववे कलम क्वचितच कोणी वाचते. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे हे त्यात स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. त्याच कलमात आणखी एक कर्तव्य नोंदलेले आहे: शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक ठरवणे. वेळापत्रक बदलते, याला विदर्भ साक्षी आहे. उन्हामुळे तेथील शाळा उर्वरित राज्याच्या नंतर उघडतात. सूर्यासाठी जे जमते ते उसासाठी का जमू नये?

टोळ्या परतल्यावर सिरसाळ्याचे मूल एप्रिल, मे आणि अर्धा जून गावातच असते. नेमकी तेव्हाच परीक्षा उरकून शाळेला कुलूप लागते. ऊसतोड गावांपुरते बुडालेले सत्र याच दिवसांत भरवावे. उन्हाची सबब पुढे येईलच. पण सकाळची शाळा मराठवाड्याला नवी नाही.