प्रतिज्ञा सगळ्यांची, किंमत मात्र एकट्या पोराची?

घाटकोपरच्या एका बुद्धविहारात रविवारच्या वंदनेनंतर वाद झाला. निमित्त होते आपल्याच वस्तीतला एक पोरगा. बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी झालेला. दोन वर्षे नोकरी शोधून थकला आणि अंधेरीतल्या एका ब्रूपबमध्ये टाक्या धुवायच्या कामाला लागला. बिअर कशी बनते हे बघत बघत शिकला. आता मालक त्याला असिस्टंट ब्रुअर करायला तयार आहे. पगार जवळजवळ दुप्पट होणार.

एक ज्येष्ठ उपासक उठले आणि म्हणाले, "बाबासाहेबांनी दिलेली सतरावी प्रतिज्ञा विसरलास का रे? बौद्धाचा पोरगा दारू गाळणार?" पोरगा थोडा वेळ गप्प राहिला. मग एवढेच म्हणाला, "काका, टाक्या धूत होतो तेव्हा कुणी काही बोललं नाही. दुसरीकडे लावून द्या, उद्या सोडतो."

कुणाकडेच उत्तर नव्हते. मित्रांनो, त्या शांततेबद्दल मला लिहायचे आहे. मी प्रतिज्ञेच्या बाजूने आहे आणि त्या पोराच्याही बाजूने आहे. हे दोन्ही एकत्र कसे बसते, ते सांगतो.

आधी हे बघू की हा धंदा छंद कुणासाठी आहे आणि गुन्हा कुणासाठी. 2009 मध्ये पुण्यात डूलाली सुरू झाली, ती देशातली पहिली मायक्रोब्रुअरी मानली जाते. नंतर मुंबईत अंधेरीपासून लोअर परळपर्यंत ब्रूपब आले. इंग्रजी पुरवण्यांत ब्रुअरच्या कहाण्या येतात, त्यांचा साचा ठरलेला असतो. परदेशात शिकायला गेलो, तिथली बिअर आवडली, घरच्या स्वयंपाकघरात प्रयोग केले, मोठ्या पगाराची नोकरी सोडली आणि छंदाचा व्यवसाय केला. वाचायला छान वाटते. पण महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 नुसार परवान्याशिवाय दारू तयार करणे गुन्हा आहे. भांडे स्टीलचे असो की पत्र्याचे, जागा बाराव्या मजल्यावरचे स्वयंपाकघर असो की नाल्याकाठची झोपडी, कायद्याला फरक नाही. फरक पोलिसांच्या धाडीला आहे. स्वयंपाकघरातल्या प्रयोगाची मुलाखत छापून येते, झोपडीतल्या पिंपाचा पंचनामा होतो.

हे आजचे नाही. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने माडी काढणाऱ्या भंडाऱ्याचे झाड कराखाली आणले. 1892 च्या मोहडा कायद्याने ठाणे-कुलाबा पट्ट्यातल्या आदिवासीला मोहाची फुले साठवणेही अवघड केले. ज्यांना इंग्रजांनी जन्मजात गुन्हेगार ठरवले त्या कंजारभाटांसारख्या विमुक्त जमातींवर हातभट्टीचा शिक्का आजही आहे. संविधान सभेत 24 नोव्हेंबर 1948 रोजी दारूबंदीच्या कलमावर चर्चा झाली. तेव्हा जयपाल सिंग मुंडा यांनी सांगितले की तांदळाची बिअर हा आदिवासींच्या पूजाविधीचा भाग आहे. बाबासाहेबांनी कलम ठेवले, पण हे मार्गदर्शक तत्त्व आहे, ते केव्हा आणि कितपत अमलात आणायचे हे राज्यावर सोपवले आहे, हेही स्पष्ट केले. म्हणजे आंबवण्याची विद्या या देशातल्या आदिवासी-बहुजनांकडे शेकडो वर्षे होती. त्यांच्या हातात असेपर्यंत ती गुन्हा होती. भांडवलवाल्याच्या हातात गेली आणि कला झाली.

आता काम काय आहे ते बघा. मोड आणून वाळवलेले जव, म्हणजे माल्ट, भरडून साधारण 65 ते 67 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतात. त्यातल्या पिष्टाची साखर होते. चोथा वेगळा काढून तो गोड काढा हॉप्स घालून तासभर उकळतात, मग थंड करून त्यात यीस्ट सोडतात. एल प्रकारची बिअर साधारण 18 ते 22 अंशांवर आंबते, लागरला त्याहून थंड टाकी आणि जास्त दिवस लागतात. ऐकायला सोपे वाटते. पण एक व्हॉल्व्ह नीट धुतला गेला नाही तर नको ते जिवाणू शिरतात आणि अख्खी टाकी आंबट होऊन गटारात जाते. म्हणून ब्रुअरचे बरेचसे काम सफाईचे असते. गरम कॉस्टिक, आम्ल, पाण्याचे पाइप, गरम चोथा उपसणे. आंबताना कार्बन डायऑक्साइड निघतो, तो बंद टाकीत साचतो आणि आत उतरलेला माणूस गुदमरतो. गटारात माणसे गमावलेल्या समाजाला बंद टाकीचे भय समजावून सांगावे लागत नाही.

टाकी कुणी धुवायची आणि पाककृतीवर नाव कुणाचे लागायचे, ही वाटणी इथेही आहे. बाबासाहेबांनी 1936 मध्ये 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये सांगितले की जात ही श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांची विभागणी आहे. आपला पोरगा धुणाऱ्यांच्या रांगेतून स्वतःच्या बुद्धीवर बाहेर पडला. त्या क्षणी समाजाने त्याची पाठ थोपटायला हवी होती. आपण त्याला प्रतिज्ञा ऐकवली.

पण म्हणून प्रतिज्ञा चुकीची ठरत नाही. "प्रतिज्ञा दारू न पिण्याची आहे, बनवण्याची नाही," अशी पळवाट काही तरुण काढतात. ती टिकत नाही. अंगुत्तर निकायातल्या वणिज्जा सुत्तात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्र, जीव, मांस, मद्य आणि विष. सम्यक आजीविकेत मद्याचा व्यापार बसत नाही. शिवाय जो चाखत नाही तो चांगला ब्रुअर होत नाही. रोज टाकीतून नमुना काढायचा, वास घ्यायचा, घोट घ्यायचा, दोष ओळखायचा, हे या कामाचे मूळ आहे. दीक्षा घेतलेल्या माणसाला ही अडचण खरी आहे. ती लपवू नये.

दुसरे म्हणतात, "आपणही मालक व्हा, आपली ब्रुअरी काढा, भांडवलाला भांडवलाने उत्तर द्या." व्यवसाय निवडण्याचा हक्क आपला आहे, यात वाद नाही. पण खोडे डिस्टिलरीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की दारूच्या धंद्याचा मूलभूत हक्क कुणालाच नाही. राज्य देईल तो परवाना आणि राज्य सांगेल ती फी, हा खेळ मोठ्या थैलीचा आहे. आणि दारू आपल्या वस्तीचे काय करते हे आपण मालाडच्या मालवणीत जून 2015 मध्ये पाहिले. मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभरहून अधिक माणसे गेली. ब्रूपबमधली बिअर विषारी नसते, हे मान्य. पण वस्तीतल्या ज्या बाईने नवऱ्याच्या दारूपायी संसार मोडताना पाहिला, तिच्यासमोर उभे राहून दारूच्या कारखान्याला मुक्तीचा मार्ग म्हणण्याची माझी तरी हिंमत नाही.

मग त्या पोराने काय करावे? इथे बाबासाहेबांचेच उदाहरण घेऊ. 15 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या भाषणात त्यांनी मेलेल्या ढोरांची गोष्ट सांगितली. ढोरे ओढणे सोडले तर कातडी, शिंगे, हाडे यांचे वर्षाला शेकडो रुपयांचे उत्पन्न बुडेल, असा हिशेब टीकाकार मांडत होते. बाबासाहेबांचे उत्तर होते, एवढा फायदा आहे तर तुम्हीच का करत नाही? पैशापेक्षा स्वाभिमान मोठा, हा धडा आपण सगळ्यांनी पाठ केला. पण त्यातली दुसरी गोष्ट विसरलो. तो त्याग एकट्या माणसाने केला नव्हता. गावेच्या गावे एकदम उठली होती. झळ बसली ती सगळ्यांना बसली, म्हणून ती सोसता आली. आज आपण त्याग एकट्याला सांगतो आणि घरी जाऊन जेवतो.

बाबासाहेबांनी हिशेब सरकारलाही विचारला होता. मार्च 1927 मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात त्यांनी दाखवून दिले की इलाख्यात शिक्षणावर दरडोई 14 आणे खर्च होतात आणि अबकारीतून दरडोई दोन रुपयांहून जास्त वसूल होतात. दारूतून जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणाला द्या, ही त्यांची मागणी होती. ती आजही मागण्यासारखी आहे.

कारण त्या पोराच्या हातात जी विद्या आली आहे ती बिअरपुरती नाही. पाश्चरने 1876 मध्ये बिअरच्या बिघाडावर ग्रंथ लिहिला. आज प्रत्येक प्रयोगशाळेत वापरतात ते पीएच मोजमाप 1909 मध्ये कार्ल्सबर्ग ब्रुअरीच्या प्रयोगशाळेत ठरले. हिपॅटायटिस बीची लस यीस्टमध्ये तयार होते, इन्सुलिनही होते. टाकी तीच, तापमान सांभाळणे तेच, निर्जंतुक ठेवण्याची शिस्त तीच. पिंपरीला 1954 मध्ये सरकारने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स काढली, तिथे आंबवण्याच्या टाक्यांतूनच पेनिसिलिन निघत होते. ती सरकारी होती म्हणून तिथे आरक्षण होते. खाजगी लस कंपनीत आणि खाजगी ब्रुअरीत ते नाही. आपली लढाई इथे आहे.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. जो विहार प्रतिज्ञा ऐकवतो, त्याने वस्तीतल्या विज्ञान पदवीधरांची यादी करावी. औषध आणि लस कंपन्यांत असलेल्या आपल्या माणसांनी त्यातल्या एकाला तरी हात द्यावा. ज्यांचा पगार चांगला आहे त्यांनी एका पोराची फी भरावी, मग ती माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेची असो की आणखी कुठली. आणि खाजगी क्षेत्रातल्या आरक्षणाची मागणी केवळ 14 एप्रिलच्या भाषणापुरती ठेवू नये.

त्या पोराने ब्रुअर होऊ नये, असे माझे मत आहे. पण ते त्याला सुनावण्याचा हक्क मला त्याच दिवशी मिळेल, ज्या दिवशी मी त्याच्यासमोर दुसरी टाकी ठेवीन. तोपर्यंत त्याने पगार घ्यावा, विद्या घ्यावी आणि रविवारी ताठ मानेने विहारात यावे. मान खाली घालायचीच असेल तर ती आपण घालू.

जय भीम!