देवघराखालची बॅटरी आधी बघा

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की आपल्या घनसावंगीतली लेकरं मोबाइलवर बघून घरीच पाण्यातून हायड्रोजन काढायला बसतात. रागावू नका, शेजारी बसा. फक्त मिठाचा डबा उचलून ठेवा. मीठ टाकलं की बुडबुडे जोरात येतात खरे, पण प्लसकडून क्लोरीन सुटतो, ब्लीचिंग पावडरीसारखा नाकाला झोंबणारा. त्याऐवजी चमचाभर खायचा सोडा घाला. दोन्हीकडून टोक काढलेल्या दोन पेन्सिली, नऊ व्होल्टची बॅटरी आणि काचेचा पेला, एवढ्यात भागतं. मायनसच्या पेन्सिलीला दाट, बारीक बुडबुडे लगडतात, तो हायड्रोजन. भिंतीतल्या प्लगची वीज या पेल्यापाशी आणायची नाही आणि गॅस बाटलीत साठवायचा नाही. त्याला रंग नाही, वास नाही, आणि हवेत 4 टक्के मिसळला तरी ठिणगीनं पेटतो.

उद्या कुणी ‘पाण्यावर मोटरसायकल’चं किट विकायला आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. किलोभर हायड्रोजन काढायला पन्नासच्या वर युनिट वीज जाते आणि जाळल्यावर तेहतीसच्या आसपास युनिटांची ऊर्जा हाती येते. किटला लागणारी वीज शेवटी तुमच्याच पेट्रोलवर तयार होणार.

मला खरी धास्ती आहे ती इन्व्हर्टरच्या बॅटरीची. लाइट आली, चार्जिंग सुरू झालं, की तिच्यातलंही पाणी फुटतं आणि हाच गॅस निघतो. डिस्टिल्ड वॉटर अधूनमधून घालावं लागतं ते मुख्यतः यामुळंच. आणि आपण ती ठेवतो कुठं? जिन्याखालच्या बंद कोनाड्यात, नाहीतर देवघराच्या खालच्या कप्प्यात. वर समई तेवत असते!

तरुणपणी मी ट्रॅक्टरच्या चार्जिंगला लावलेल्या बॅटरीत पाणी किती उरलंय ते बघायला काडी ओढली होती. सुतळी बॉम्बसारखा आवाज झाला, वरचं झाकण उडालं आणि सदऱ्याला भोकं पडली. चष्मा होता म्हणून डोळे राहिले.

तेव्हा बॅटरी खिडकीपाशी, मोकळ्या हवेत आणा. झाकणांची भोकं धुळीनं बुजू देऊ नका. पाणी बघायला टॉर्च घ्या. चार्जर आधी बंद करा, चिमटे नंतर काढा, नाहीतर ठिणगी नेमकी तिथंच उडते. आम्ल डोळ्यात गेलंच तर चोळत बसू नका. पंधरा-वीस मिनिटं नळाखाली डोळा धरा आणि तडक दवाखाना गाठा.