विश्लेषण : आजारी जनावराचा नमुना प्रयोगशाळेत पोहोचतो तेव्हा…

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर परिसरात २००६च्या सुरुवातीला कोंबड्या मोठ्या संख्येने मरू लागल्या, तेव्हा पहिला संशय राणीखेत रोगावर होता. भोपाळच्या प्रयोगशाळेत नमुने तपासल्यावर १८ फेब्रुवारीला तो बर्ड फ्लू असल्याचे जाहीर झाले. देशातील ती पहिलीच नोंद. दोन्ही रोगांची लक्षणे इतकी सारखी, की नुसत्या डोळ्यांनी फरक सांगणे अवघड. तो फरक प्रयोगशाळा सांगते. पण प्रयोगशाळेला जनावर दिसत नाही, दिसते ती फक्त नळी आणि सोबतचा कागद. म्हणूनच गोठ्यातून निघालेला नमुना कसा घेतला, कसा पाठवला, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

नमुने कुठे तपासले जातात?

शेण, दूध, रक्ताची काचपट्टी अशा साध्या तपासण्या स्थानिक पातळीवर होऊ शकतात. त्यापुढच्या तपासण्यांसाठी पुण्यात औंध येथे पशुसंवर्धन विभागाचा रोग अन्वेषण विभाग आहे. बर्ड फ्लूसारख्या धोकादायक रोगांचे अंतिम निदान भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते. २००९च्या केंद्रीय कायद्यानुसार अनुसूचित रोगाचा संशय आल्यास ती माहिती दडवून न ठेवता कळवणे जनावराच्या मालकावर बंधनकारक आहे.

कोणत्या रोगासाठी कोणता नमुना?

‘रक्त काढले आणि पाठवले’ इतके हे सोपे नाही. गोचीड तापासाठी रक्त गोठू न देणाऱ्या नळीत घ्यावे लागते. सांसर्गिक गर्भपाताच्या, म्हणजे ब्रुसेलोसिसच्या, रक्तद्रव चाचणीसाठी साध्या नळीत रक्त गोठू देऊन वरचा द्रव वेगळा करावा लागतो. लाळ्या खुरकुतात फोडावरील त्वचेचा ताजा तुकडा उपयोगी. मात्र हा विषाणू आम्लात टिकत नसल्याने तो ठरावीक द्रावणातच ठेवावा लागतो. घटसर्पाने मेलेले जनावर कुजू लागले असेल, तर लांब हाडातील मगज कामी येतो. कासदाहासाठी सड स्वच्छ करून, स्पिरिटने पुसून, पहिल्या धारा सोडून मगच निर्जंतुक बाटलीत दूध घेतले जाते.

फसगत कुठे होते?

पहिली चूक वेळेची. अनेक संसर्गांत ताप चढलेला असतानाच रोगजंतू रक्तात जास्त सापडतात. अनेकदा आधी प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले जाते आणि गुण आला नाही की नमुना घेतला जातो. तोवर जिवाणू वाढवून ओळखण्याची संधी हातची गेलेली असते. दुसरी चूक साठवणुकीची. बहुतेक नमुने बर्फासोबत, सुमारे ४ अंश सेल्सिअसला पोहोचायला हवेत. फॉर्मेलिन हे पेशींची रचना पाहण्यासाठी घेतलेल्या तुकड्यांना चालते. त्यात बुडवलेल्या नमुन्यातून जिवंत विषाणू किंवा जिवाणू वाढवता येत नाही. न गोठलेले रक्त थेट फ्रीजरमध्ये ठेवले, तर तांबड्या पेशी फुटून तपासणी बिघडते.

तिसरी चूक कागदाची. जनावराचा बारा अंकी टॅग क्रमांक, वय, किती आजारी, किती दगावली, कोणती लस कधी दिली, काय उपचार झाले, कोणत्या रोगाचा संशय आहे, हे लिहिले नसेल तर प्रयोगशाळेने नेमके शोधायचे तरी काय? अशा वेळी आलेला ‘निगेटिव्ह’ अहवाल ‘रोग नाही’ असे सांगत नसतो. तो फक्त एवढेच सांगतो, की त्या नमुन्यात, त्या चाचणीत काही सापडले नाही.

मेलेल्या जनावराचे शवविच्छेदन नेहमी करावे का?

नाही. जनावर अचानक मेले असेल आणि नाक, तोंड, गुदद्वारातून काळपट, न गोठणारे रक्त येत असेल, तर फाशी रोगाचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा, संशय धरावा. असे शव उघडल्यास हवेच्या संपर्कात जंतूंचे बीजाणू बनतात आणि ते जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात. माणसालाही धोका असतो. अशा वेळी पशुवैद्यक कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त घेऊन काचपट्टी बनवतात. पशुपालकांनी कातडे सोडवू नये आणि पशुवैद्यक येईपर्यंत शव हलवू नये.

पॅकिंगला एवढे महत्त्व का?

नळी फुटली तर नमुना जातोच, वर तो नेणाऱ्यालाही संसर्गाचा धोका. म्हणून घट्ट झाकणाची नळी, भोवती द्रव शोषणारा कापूस, त्यावर न गळणारा दुसरा डबा आणि बाहेर बर्फासह मजबूत खोके, असे तिहेरी आवरण लागते. माहितीचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत वेगळा ठेवायचा. नाहीतर वितळलेल्या बर्फात शाई पुसते आणि नमुना निनावी होतो.

मग करायचे काय?

२०१९च्या पशुगणनेनुसार राज्यात सुमारे ३ कोटी ३० लाख पशुधन आहे. एवढ्या पसाऱ्यात रोगाचा पहिला इशारा मिळतो तो गोठ्यात उभ्या असलेल्या पशुवैद्यकालाच. त्याच्याकडे योग्य नळ्या, बर्फाची पेटी आणि नमुना पाठवण्याची खात्रीची सोय नसेल, तर शहरातील अद्ययावत यंत्रे शोभेची ठरतात. साथ आली की धावाधाव करण्यापेक्षा दवाखान्यापासून प्रयोगशाळेपर्यंतची शीतसाखळी आणि वाहतूक खर्च ही कायमची तरतूद असली पाहिजे.

तितकेच महत्त्वाचे म्हणजे अहवाल पशुपालकाच्या मोबाइलवर, त्याला समजेल अशा मराठीत पोहोचला पाहिजे. ज्याने गाय गमावली त्याला कारणच कळले नाही, तर पुढच्या वेळी तो कळवेल कशाला? आणि ब्रुसेलोसिससारखा रोग गोठ्यात असेल, तर ते कळणे हा धार काढणाऱ्याच्या स्वतःच्या आरोग्याचाही प्रश्न आहे. पशुपालकानेही इंजेक्शनचा आग्रह धरण्याआधी एक प्रश्न विचारावा: ‘डॉक्टर, आधी नमुना घ्यायचा का?’