पाच सामन्यांचा चषक आणि आमच्या मुली

जर्मनीत फ्रँकफुर्ट शहराच्या उत्तरेस, टाउनस डोंगरांच्या पायथ्याशी, बाड हॉम्बुर्ग नावाचे औषधी झऱ्यांचे गाव आहे. एके काळी इंग्रज पाहुणे तेथे हवापालटासाठी येत असत. याच गावी १९०२ साली जर्मनीतले पहिले बॅडमिंटन मंडळ स्थापन झाले. त्या खेळाचे जुने नाव वाचकांस ठाऊक आहे काय? ते नाव होते ‘पूना’! पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत. १८७० च्या दशकात त्याचे नियम तेथेच लिहिले गेले. पुढे इंग्लंडातील बॅडमिंटन हाउस या वाड्यावरून त्याला आजचे नाव मिळाले.

ज्यांचे पूर्वज त्याच मुलखातून आले, त्या आपणां मराठी बेटवासीयांस याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. परंतु अभिमानाने चषक मिळत नाहीत. बाड हॉम्बुर्गच्या मंडळानंतर जर्मनीची राष्ट्रीय संघटना उभी राहायला १९५३ साल उजाडले. जर्मन महिलांचा संघ उबेर चषकाच्या उपांत्य फेरीत २००६ साली व पुन्हा २००८ साली पोहोचला. पहिल्या मंडळापासून मोजले तर शंभर वर्षे उलटून गेली होती.

आता आपल्या मॉरिशसकडे पाहू. फेब्रुवारी २०१६ मध्ये रोझ हिलच्या राष्ट्रीय बॅडमिंटन केंद्रात आफ्रिकेची सांघिक स्पर्धा झाली. महिलांचे अजिंक्यपद आपल्या मुलींनी पटकावले आणि त्या चीनमधील कुनशान येथे उबेर चषकासाठी गेल्या. २०१८ साली अल्जीयर्स येथे त्या पुन्हा जिंकल्या व बँकॉकला गेल्या. दोन्ही वेळा बाद फेरी काही गाठता आली नाही. मात्र आफ्रिका खंडाच्या वतीने जगातल्या सोळा संघांत आपल्या छोट्या बेटाचे नाव लागले, ही लहान गोष्ट नव्हे. त्यानंतर तो मान २०२० साली इजिप्तच्या आणि २०२४ साली युगांडाच्या मुलींनी मिळविला.

असे का व्हावे? उबेर चषकाच्या एका लढतीत पाच सामने असतात, तीन एकेरीचे व दोन दुहेरीचे. त्यांपैकी तीन जिंकावे लागतात. केट फू कुनसारखी खेळाडू आपल्याकडे निपजली. २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये तिने देशाचा ध्वज हाती धरला. पण एक खेळाडू एकेरीचा एकच सामना जिंकून देते. दुसरी, तिसरी आणि दुहेरीच्या जोड्या कोठून आणावयाच्या? त्या गावोगावच्या शाळांतूनच यावयाच्या आहेत.

येथे आम्हां शिक्षकांनाही आपला दोष कबूल केला पाहिजे. आमच्या वर्गात एक मुलगी होती. तिच्या मनगटात असे कौशल्य होते की मोठी मुलेही तिच्यापुढे दमत. सहावीचे वर्ष आले आणि तिची रॅकेट कपाटावर गेली. शाळा सुटली की ट्यूशन, शनिवारीही ट्यूशन. तिची आई म्हणाली, “गुरुजी, परीक्षा झाली की खेळेल.” आम्हीही मान डोलावली. परीक्षा झाली, निकाल चांगला लागला, पण मुलगी खेळाकडे परतली नाही. तिच्या धाकट्या भावाला मात्र त्याच वर्षी फुटबॉलचे नवे बूट मिळाले.

अभ्यास सोडा असे आम्ही कधीच म्हणणार नाही. आमचे आजे-पणजे उसाच्या शेतात राबले व त्यांनी मुलांना शिकविले, म्हणून आज आम्ही येथे लिहीत आहोत. पण आठवड्यातल्या दोन संध्याकाळी खेळल्याने कोणाचा निकाल बिघडल्याचे आमच्या पाहण्यात नाही. अकरा-बारा वर्षांच्या वयात पाय आणि नजर तयार होतात. ते वय हातचे गेले की पुढे दुप्पट कष्ट पडतात.

शटल जेमतेम पाच ग्रॅम वजनाचे असते. आपल्या आग्नेय वाऱ्यात अंगणात ते टिकत नाही, त्याला बंद सभागृह हवे. ज्या व्हिलेज हॉलचे छप्पर पुरेसे उंच आहे, तेथे जाळे बांधता येईल. जेथे नाही, तेथे शेजारच्या कोलेजचा हॉल मागता येईल. आमच्या मराठी मंडळांनी गणेशोत्सवासाठी जी धावपळ करतात, तिचा चौथा हिस्सा यासाठी करावी. दोन जुन्या रॅकेटी, एक जाळे आणि दार उघडणारा एक जबाबदार माणूस, एवढ्यावर सुरुवात होते.

पालकहो, पुढच्या वेळी आपला संघ निवडला जाईल तेव्हा पाच सामन्यांसाठी पुरेशा मुली असाव्यात, असे वाटत असेल तर आज कपाटावरची रॅकेट खाली काढा. आम्ही आमच्या वर्गापासून आरंभ करीत आहोत.